घरच्या घरी उन्हाळी बर्मुडा: आधी आसन, मग बाकीचं

सांगलीत एप्रिल लागला की दुपारी बारानंतर जीन्स अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच. घरोघरी सगळे बर्मुड्यावर येतात. बाजारात ते ढिगाने मिळतात, पण दोन तक्रारी कायम कानावर पडतात. एक, कापडात घाम जिरत नाही. दोन, मांडी घालून बसलं की पुढून काचतं आणि मागून कंबर खाली सरकते. पहिली तक्रार कापडाची, दुसरी आसनाची, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतच्या भागाची. रेडिमेडमध्ये आसन बहुधा आखडतं धरलेलं असतं, कारण तिथे वाचलेला अर्धा इंच हजारो नगांवर वाचतो. घरी शिवताना तो अर्धा इंच आपल्याला सहज परवडतो, आणि घरी शिवायचा खरा फायदा तोच आहे. पैसे वाचतील म्हणून या वाटेला जाऊ नका. पहिला बर्मुडा विकतच्यापेक्षा महागच पडतो.

मशीनवर सरळ शिलाई मारता येते, पण अंगावर घालायचं काही शिवलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय. पायाचं काळं मशीन असलं तरी पुरतं. उलट उन्हाळ्यात वीज गेली की तेच कामाला येतं. पहिल्यांदा शिवताना एक अख्खी दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ धरून चला. इथली उदाहरणं एका माणसाच्या मापावर दिली आहेत: सीट ४०, कंबर ३४. आपले आकडे त्या जागी घाला.

कापड

इचलकरंजी आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. तिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि पुढे सगळं गावच मागांवर उभं राहिलं. आपल्या जिल्ह्यात विट्यालाही माग आहेत. त्यामुळे साध्या सुती कापडाला या भागात तोटा नाही. हरभट रोडला किंवा कापड पेठेत जाऊन कॉटन पॉपलीन किंवा केंब्रिक मागा. थोडा जाडसर पोत आवडत असेल तर खादी घ्या. ब्लाउजचं टू बाय टू बर्मुड्याला पातळ पडतं आणि बसल्यावर मागची शिवण ताणून धागे सरकतात. मलमल नकोच. चौकड्यांच्या लुंगीचं सुती कापड मात्र या कामाला फार छान. लोकांच्या ते लक्षातच येत नाही.

'प्युअर कॉटन आहे' यावर विसंबू नका. दुकानदाराकडे बोटभर कात्रण मागा, घरी आणून त्याचे चार धागे चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळका कागदाचाच वास येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. पाण्याचा थेंब टाकून पाहणारे बरेच असतात, पण कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे चांगल्या सुती कापडावरही थेंब बराच वेळ तसाच राहतो. जाळून पाहणंच खात्रीचं.

किती घ्यायचं ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर आहे. ४४ इंची पन्हा असेल तर दीड मीटर घ्या. प्रत्यक्षात सव्वा मीटरभर लागतं, उरलेलं आटण्यासाठी आणि चुकण्यासाठी. ५८ इंची पन्ह्यात सीट ३६ पर्यंत असेल तर पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसतो आणि पाऊण मीटरात काम होतं, पण आटण्यासाठी थोडं वाढवूनच घ्या. त्यापुढच्या मापाला इथेही सव्वा मीटर धरा.

आणल्या आणल्या कापड रात्रभर साध्या पाण्यात वेगळं भिजवा, न पिळता वाळत घाला आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि उभ्या धाग्यात जास्त आटतं. आटायचं ते कापायच्या आधी आटू दे. शिवल्यावर आटलं तर नेमकं आसनच आखूड होतं. कापडाचं टोक वाकडं कापलेलं असेल तर काठाशी छोटा छेद देऊन आडवं टर्रकन फाडून घ्या. पॉपलीन धाग्यात सरळ फाटतं.

पहिला बर्मुडा चांगल्या कापडाचा करूच नका, असं मी म्हणेन. मांजरपाट आणा, नाहीतर जुनी सुती चादर घ्या. तो घरात घालायला चालतोच.

मापं

मापं चारच. सीट म्हणजे नितंबांचा सगळ्यात भरीव घेर, टेप न आवळता. कंबर, म्हणजे जिथे बर्मुडा बसवायचाय तिथला घेर. पोट असलेले बरेच जण पोटाखाली नेसतात, तर माप तिथलंच घ्या. लांबी म्हणजे कंबरेपासून बाजूने गुडघ्याच्या वर जिथपर्यंत हवी तिथपर्यंत. इथे १९ इंच धरू.

चौथं माप आसनाचं, आणि इथे घाई नको. कंबरेला एक नाडी बांधा. लाकडी स्टुलावर किंवा कडक खुर्चीवर ताठ बसा. गादीचा दिवाण नको, कारण त्यात माणूस रुततो आणि माप खोटं येतं. आता बाजूने, नाडीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत टेप सरळ खाली सोडा. स्वतःचं माप स्वतः घेताना माणूस वाकतो आणि आकडा चुकतो, म्हणून घरातल्या कुणाला तरी हाक मारा. समजा साडेदहा इंच आलं. त्यात एक इंच मोकळीक मिळवा: साडेअकरा. ज्यांचं उठणं-बसणं जमिनीवरच, पाटावर जेवण, सतरंजीवर गप्पा, त्यांनी सव्वा इंच मिळवायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर चालताना दोन पायांमध्ये कापड लोंबतं.

कागदावर आखणी

कापडावर थेट आखू नका. पुस्तकांना घालतो तो ब्राऊन पेपर घ्या. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते.

आधी पुढचा भाग. १९ इंचांची उभी रेघ मारा. ही बाहेरची बाजू, वरचं टोक कंबर, खालचं मोहरी. कंबरेपासून साडेअकरा इंच खाली येऊन काटकोनात आडवी रेघ मारा. ही आसनाची रेघ. कंबरेला आणि मोहरीलाही तशाच आडव्या रेघा. आसनाच्या रेघेवर बाहेरच्या बाजूपासून ११ इंचांवर खूण करा (सीटचा चौथा हिस्सा १०, अधिक १) आणि तिथून सरळ वर कंबरेपर्यंत जा. ही मधली रेघ. आता आसनाच्या रेघेवरच त्या खुणेपासून आणखी अडीच इंच पुढे जा (सीटचा सोळावा हिस्सा). हे आसनाचं टोक.

मधली रेघ आणि आसनाची रेघ जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातून टोकाच्या अंगाला तिरकं वर एक इंचावर ठिपका द्या. मधल्या रेघेवर तीन इंच वरून सुरुवात करून, या ठिपक्यावरून टोकापर्यंत गोलाई काढा. जेवणाच्या ताटाची कड धरली तर गोलाई एका हातात येते. कंबरेला मधली रेघ अर्धा इंच आत घ्या आणि खाली सरळ रेघेला मिळवा. शेवटी टोकापासून मोहरीपर्यंत आतल्या पायाची रेघ, मोहरीला टोकापेक्षा एक इंच आत.

मागचा भाग याच रीतीने, फक्त आकडे बदलतात. रुंदी साडेअकरा (चौथा हिस्सा अधिक दीड). टोक चार इंच (सीटचा दहावा हिस्सा). कोपऱ्यातला ठिपका दीड इंचावर. मोहरीला दीड इंच आत. कंबरेला मधली रेघ एक इंच आत घ्या आणि तिथून दीड इंच वर उचला. त्या उचललेल्या बिंदूपासून बाहेरच्या बाजूच्या कंबरेपर्यंत तिरकी रेघ मारा.

हा उचललेला दीड इंच नवखे लोक विसरतात किंवा वाकडं दिसतंय म्हणून 'सरळ करून' टाकतात. उभं असताना त्याची गरज भासत नाही हे खरं. पण माणूस बसला की पाठीमागचं अंतर वाढतं, कंबरेपासून खालपर्यंत जास्त कापड लागतं. तेवढं नसेल तर कापड कंबरेला खाली ओढतं. मागचं टोक पुढच्यापेक्षा मोठं असतं तेही याचसाठी. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून पाहा. पुढचा आणि मागचा भाग सारखे दिसत असतील तर आखणी चुकली.

आतल्या पायाच्या दोन्ही रेघा टेपने मोजा. सुतभर फरक असेल तर मोहरीला सारखा करा.

आता शिवणीसाठी माया, म्हणजे रेघेबाहेरचं जास्तीचं कापड, सोडा. बाहेरच्या, आतल्या आणि आसनाच्या कडेला अर्धा अर्धा इंच, मोहरीला दीड इंच, कंबरेला नेफ्यासाठी (इलॅस्टिक किंवा नाडी ओवायची दुमड) दोन इंच. कंबर आणि मोहरी या दोन्ही ठिकाणी कागद आधी रेघेवर आत दुमडा आणि दुमडलेला असतानाच बाजूच्या कडा कापा. उलगडल्यावर कड किंचित बाहेर फाकलेली दिसेल. तशीच हवी. नाहीतर शिवताना दुमड पायाच्या घेरापेक्षा लहान पडते आणि चुण्या येतात.

बेतणं

कापड लांबीत दुहेरी करा, सुलट बाजू आत, काठावर काठ. बाहेरच्या बाजूची सरळ रेघ काठाला समांतर ठेवा. दोन ठिकाणी टेप लावून काठापासूनचं अंतर सारखं आहे ना ते पाहा. कागद तिरका पडला तर घातल्यावर शिवण मांडीवर फिरत जाते आणि त्यावर नंतर काही उपाय नाही. ४४ इंची पन्ह्यात मागचा भाग आणि पुढचा भाग एकाखाली एक बसतात. फुलांचं किंवा एका दिशेचं छापील कापड असेल तर दोन्हींच्या कंबरा एकाच दिशेला असू द्यात. पुढच्या भागाच्या शेजारी सातेक इंचांची पट्टी उरते, ती खिशाला.

दुहेरी कापडावर कापल्यामुळे डावा-उजवा आपोआप मिळतो. पॉपलीनची उलट-सुलट बाजू ओळखू येत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने फुली मारा. मागच्या भागांना कंबरेशी दोन छोटे छेद, पुढच्यांना एक. ही खूण नंतर फार वाचवते.

शिवण

सुई १४ नंबरची, दोरा कापडाच्या रंगाचा, शिलाई इंचाला दहा-बारा टाके. सुरुवात करण्याआधी उरलेल्या तुकड्यावर शिलाई मारून पाहा. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचं जाळं होत असेल तर लोक बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवा आणि सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटांनी मागे धरा.

कडांचे धागे सुटू नयेत म्हणून मशीनला झिगझॅग असेल तर ती मारा. नसेल तर कापलेले चारही तुकडे पिको-फॉल करणाऱ्याकडे नेऊन ओव्हरलॉक करून आणा. कुठल्याही पेठेत एखादा तरी असतो. कंबर आणि मोहरी सोडून करा म्हणावं, तिथे दुमड येणारच आहे.

खिसा लावायचा तर आत्ताच, तुकडे सपाट असताना. साडेसहा बाय साडेसातचा तुकडा, वरची कड एक इंच दुमडून शिवायची, बाकी तीन कडा अर्धा इंच आत इस्त्रीने दाबायच्या आणि मागच्या उजव्या भागावर टाचायचा. वरच्या दोन कोपऱ्यांना शिलाई मागे-पुढे करून घट्ट करा, फाटतो तो तिथेच.

मग प्रत्येक पाय वेगळा शिवा. एक पुढचा, एक मागचा, सुलट बाजू समोरासमोर. आधी आतल्या पायाची शिवण, मग बाहेरची. दोन नळ्या तयार होतील. प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवा. शिवून झाल्यावर एकदाच सगळ्याला इस्त्री करू म्हणाल तर तो घरी शिवलेलाच दिसेल.

आता आसन. एक नळी सुलट करा, दुसरी उलटीच असू द्या. सुलटी नळी उलट्या नळीच्या आत सारा, हात बाहीत घालतो तशी. आत सुलटला सुलट लागलं पाहिजे. आतल्या पायाच्या दोन शिवणी एकमेकींवर आणून तिथे पहिली टाचणी लावा. एका शिवणीची माया पुढे आणि दुसरीची मागे वळवा, म्हणजे त्या चौरस्त्यावर गाठोडं होत नाही आणि सुई अडत नाही. मग पुढच्या कंबरा, मागच्या कंबरा जुळवा आणि मधे टाचत या. दोन छेदांवर दोन छेद येतात ना ते पाहा.

पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत एका दमात शिलाई मारा. एकच थांबा: नाडी घालायची असेल तर पुढच्या मधल्या शिवणीत, कापलेल्या कडेपासून अडीच इंचांवर थांबा, दोन टाके मागे घ्या, पाऊण इंच जागा सोडा आणि पुढे चालू करा. नेफा दुमडल्यावर हे भोक बरोबर बाहेरच्या अंगाला येतं, वेगळं काज करावं लागत नाही.

गोलाईत कापड तिरक्या धाग्यात असतं, म्हणजे ताणतं. दोरा मात्र ताणत नाही. म्हणून बसताना आसन उसवतं तेव्हा कापड शाबूत असतं आणि टाके तुटलेले असतात. यावर उपाय असा: गोलाईवरून जाताना फुटाच्या पुढे एक हात आणि मागे एक हात ठेवून कापड अगदी हलकं ताणून धरा. ओढायचं नाही, ओढलं तर सुई वाकते. शिवून झालं की गोलाईच्या भागात त्याच शिलाईवर दुसरी शिलाई मारा. मग फक्त खालच्या गोल भागातली माया कापून पाव इंचावर आणा. वरच्या सरळ भागात ती अर्ध्या इंचावरच राहू द्या.

इथे थांबा आणि घालून बघा. कंबरेला नाडी बांधा आणि जेवायला बसतो तसं जमिनीवर मांडी घालून बसा. उकिडवे बसा. वाकून खालची चप्पल उचला. आसनात काचत असेल तर उसवायची गरज नाही. बर्मुडा परत उलटा करा, मागच्या गोलाईच्या तळाला पाव इंच खाली नवी शिलाई मारा आणि आधीची कापून टाका. गोलाई खोल गेली की आसन मोकळं होतं. मागून कंबर उतरत असेल तर मागच्या बाजूला नेफ्याची दुमड अर्ध्या इंचाने कमी घ्या आणि इलॅस्टिक थोडं अरुंद वापरा. पुढच्या वेळी कागदावरच दीडऐवजी दोन इंच उचला.

नेफा आणि मोहरी

या आखणीत कंबरेचा घेर ४२ इंच भरतो, म्हणजे ४० सीटवरून सहज चढतो. इलॅस्टिक सव्वा इंच रुंदीचं घ्या. दुकानातच ताणून पाहा. ताणल्यावर रुंदी बरीच कमी होत असेल तर ते काही महिन्यांत पिळून दोरीसारखं होतं. लांबी कंबरेपेक्षा तीन इंच कमी: ३४ ला ३१. नुसत्या नाडीवर भागणार असेल तर इलॅस्टिक नकोच. उन्हाळ्यात कंबरेला घामोळं येणाऱ्यांना नाडीच बरी.

कंबर आधी अर्धा इंच, मग दीड इंच आत दुमडून इस्त्रीने दाबा आणि खालच्या कडेजवळून शिवा. मागच्या मध्यावर दोन इंच उघडं ठेवा. इलॅस्टिकच्या एका टोकाला सेफ्टी पिन लावून नेफ्यातून ओवा, दुसरं टोक उघड्या जागेशी टाचून ठेवा, नाहीतर तेही आत पळतं. दोन्ही टोकं एक इंच एकमेकांवर ठेवून चौकोनी शिलाई मारा आणि उघडी जागा बंद करा. चुण्या चारही बाजूंना सारख्या वाटून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून नेफ्यात उभी शिलाई मारा. यामुळे इलॅस्टिक आत गुंडाळत नाही. नाडी घालणार असाल तर ही उभी शिलाई मारण्याआधी ती पुढच्या भोकातून ओवून घ्या आणि शिलाई मारताना एका कडेला सारून ठेवा, ती अडकता कामा नये.

मोहरी अर्धा इंच, मग एक इंच दुमडून शिवा. झालं.

कागद फेकू नका. त्यावर नाव, सीट, आसन आणि तारीख लिहा, घालून पाहिल्यावर जे बदल केले ते लाल पेनाने नोंदवा आणि घडी न घालता गुंडाळी करून ठेवा. घडीच्या रेघांनी मापात फरक पडतो. लहान मुलांचा कागद दर उन्हाळ्याला नवा काढा. मुलांची लांबी वाढलेली आपल्याला दिसते, आसनाची वाढ दिसत नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या कागदाला नुसती खालून लांबी जोडू नका, स्टुलावर बसवून माप परत घ्या.